पुढची दोन चाके की चारही?

जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग ह्या शहरी फोक्सवॅगन कंपनीचा प्रचंड कारखाना आहे. २०२० साली ‘गोल्फ’ ह्या मोटारीच्या आठव्या पिढीची दोन वेगवान रूपे ह्या कंपनीने पुढे आणली. एकाचे नाव गोल्फ जीटीआय, दुसऱ्याचे गोल्फ आर. दोन्ही मोटारी आखूड बांध्याच्या आणि मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या, म्हणजे ज्यांस हॅचबॅक म्हणतात त्या जातीच्या. दुरून पाहणाराला त्यांत फारसा भेद दिसत नाही. परंतु जीटीआयच्या एंजिनाची सारी शक्ती पुढच्या दोन चाकांकडे जाते, तर आरमध्ये ती गरजेप्रमाणे चारही चाकांत वाटली जाते. व्यवहारात ह्या दोन रचनांस फ्रंट-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह अशी नावे आहेत.

मोटारशौकिनांच्या मंडळींत ह्यावरून मोठा वाद रंगतो. चारही चाकांनी चालणारी गाडी रस्ता अधिक घट्ट धरते, म्हणून ती अधिक सुरक्षित, असे एक पक्ष म्हणतो. शर्यतीचे मैदान सोडले तर तिचा उपयोग काय, उगाच शंभरएक किलोग्रॅमांचे ओझे घेऊन हिंडायचे, असे दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षाचे विधान अर्धेच खरे आहे. आणि हे अर्धसत्य युरोपातील ओल्या व बर्फाळ रस्त्यांवर माणसांस फसविते. म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मोटार रस्त्याला किती जागी टेकलेली असते? चारच जागी, आणि त्यांतील प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. गाडीला पुढे नेणारे, थांबविणारे आणि वळविणारे प्रत्येक बल ह्या चार तळहातांतूनच तिला मिळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला टायर आपल्यावरील भाराच्या सुमारे नऊ-दशांश इतके आडवे बल पेलू शकतो. शास्त्रीय भाषेत, तेथे घर्षणगुणक ०.९ असतो. ओल्या रस्त्यावर तो ०.५ च्या आसपास उतरतो, आणि वर्दळीने दबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ पर्यंत खाली येतो. पुढील सर्व हिशेब ह्या तीन आकड्यांवर केला आहे. टायरच्या व रस्त्याच्या जातीप्रमाणे ते थोडेफार बदलतील, परंतु निष्कर्ष बदलणार नाही.

टायरची पकड ही मर्यादित शिल्लक आहे, आणि तीतून ओढ, रोध व वळण ह्या तिन्ही गोष्टींचा खर्च भागवावा लागतो. हा खर्च मात्र सरळ बेरजेने होत नाही. ओढीचे बल गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि वळणाचे बल तिला काटकोनात असल्यामुळे येथे शाळेत शिकविला जाणारा पायथॅगोरसचा सिद्धान्त लागू पडतो. टायरची एकूण पकड १० मानली आणि वळणासाठी तिचे ८ भाग लागले, तर ओढीसाठी २ नव्हे, ६ भाग उरतात. कारण ८ चा वर्ग ६४ आणि ६ चा वर्ग ३६ मिळून १०० होतात. वळणासाठीच दहाही भाग खर्ची पडले, तर ओढीला काही उरत नाही. अशा वेळी चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की चालक चाक घसरू लागते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचे नाक तेव्हा वळण सोडून बाहेरच्या कडेकडे ओढले जाते.

पुढच्या चाकांवर असे दुहेरी काम सोपविण्याची कल्पना तशी नैसर्गिक आहे. बैलगाडीत बैल पुढे असतात आणि ते ज्या बाजूस वळतील त्याच बाजूस ओढतात. तरीही मोटारीच्या इतिहासात ही रचना बराच काळ मागे पडली, ती एका सांध्यामुळे. पुढच्या चाकाला वळायचेही असते आणि फिरायचेही असते. म्हणून त्याला शक्ती देणाऱ्या दांड्यात वाकणारा सांधा हवा. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा सांधा वाकतो खरा, पण वाकलेल्या स्थितीत तो गती समान ठेवीत नाही. समजा, तो ३० अंशांनी वाकलेला आहे आणि एका बाजूचा दांडा अगदी एकसारखा फिरत आहे. तर दुसऱ्या बाजूच्या दांड्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा ०.८७ पटीपर्यंत खाली आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत वर जाते. वळण घेताना स्टिअरिंग हातात थरथरते ते ह्यामुळे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा ह्यांनी खोबणींत बसविलेल्या सहा पोलादी गोळ्यांचा सांधा रचला. दोन्ही दांड्यांमधील कोनाला दुभागणाऱ्या प्रतलात हे गोळे सदैव राहतात, आणि त्यामुळे दोहोंकडील गती सारखी राहते. युक्ती लहानशी आहे, पण तिच्यावाचून पुढची सारी हकीगत घडली नसती.

फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीने १९३४ साली पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणली. तिचे ‘त्राक्स्यों आव्हां’ हे नावच ‘पुढची ओढ’ अशा अर्थाचे होते. १९५९ मध्ये इंग्लंडात ॲलेक इसिगोनिस ह्यांनी ‘मिनी’ रचली. एंजिन आडवे ठेवून गियरपेटी त्याच्याच तळाशी, तेलाच्या कुंडात बसविली, आणि चाकांपाशी झेप्पांच्या सांध्याचा वंशज घातला. तीन मीटरांच्या त्या गाडीत चार माणसे मावू लागली. जेमतेम ८४८ घनसेंटिमीटरांच्या एंजिनापासून सुरुवात झालेल्या ह्या मोटारीच्या अधिक शक्तिमान रूपाने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची बर्फाळ शर्यत जिंकली. मोठमोठ्या एंजिनांच्या गाड्या मागे पडल्या, कारण मिनीच्या चालक चाकांवर एंजिनाचा भार होता आणि ती चाके गाडीला हव्या त्या दिशेने ओढीत होती.

१९७६ साली पहिली गोल्फ जीटीआय विक्रीस आली. शक्ती ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलोग्रॅम. घरगुती उपयोगाची पण वेगवान अशा हॅचबॅकांचा वर्ग खऱ्या अर्थाने रूढ झाला तो तिच्यामुळे. एवढ्या शक्तीला पुढची दोन चाके पुरेशी होती. पुढे एंजिने बळावत गेली. आठव्या पिढीच्या जीटीआयची शक्ती २०२० साली २४५ आणि आरची ३२० अश्वशक्ती होती. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की दोन चाकांनी हे सारे बळ रस्त्याला पोचवावे कसे?

येथे थोडे गणित करू. जीटीआयसारख्या गाडीच्या दोन आसांमधील अंतर २.६३ मीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरांवर आणि तिच्या वजनाचा ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर आहे, असे धरू. गाडी झपाट्याने वेग घेऊ लागली की प्रवाशांची पाठ जशी आसनात रुतते, तसाच गाडीचा भारही पुढून मागे सरकतो. ओढीच्या ऐन वेळी चालक चाकांवरील भार कमी व्हावा, हा पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा मूळ दोष होय. हिशेब केला तर कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांवरील भार ६० टक्क्यांवरून सुमारे ५० टक्क्यांवर येतो, आणि ओढ गाडीच्या वजनाच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ओल्या रस्त्यावर ही मर्यादा २७ टक्के, बर्फावर केवळ साडेअकरा टक्के. चारही चाकांत शक्ती नीट वाटली तर ह्याच मर्यादा अनुक्रमे ९०, ५० आणि २० टक्के होतात. रस्ता जितका निसरडा, तितका हा लाभ मोलाचा.

एकाच कुळातील दोन गाड्यांवरून हे प्रत्यक्षात पाहता येते. २०१६ साली सातव्या पिढीच्या गोल्फचे ‘क्लबस्पोर्ट एस’ नावाचे ३१० अश्वशक्तीचे रूप थोड्या संख्येने निघाले. चालक चाके पुढची दोन. मागची आसने काढून टाकलेली. टायर शर्यतीला साजेसे. त्याच पिढीची आर ३०० अश्वशक्तीची आणि शंभराहून अधिक किलोग्रॅमांनी जड. तरीही हाताने गियर बदलायची ही आर जागेवरून ताशी १०० किलोमीटरांचा वेग ५.१ सेकंदांत गाठीत असे, आणि क्लबस्पोर्ट एसला ५.८ सेकंद लागत. सुटताना चार चाकांचा विजय स्पष्ट आहे. परंतु त्याच वर्षी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या वळणावळणाच्या सुमारे २१ किलोमीटरांच्या मार्गावर क्लबस्पोर्ट एसने ७ मिनिटे ४९.२१ सेकंदांत फेरी पुरी करून पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा त्या वेळचा उच्चांक केला. वळणात आणि रोधात तिला हलकेपणा व टायर उपयोगी पडले; चालक चाकांची संख्या तेथे मोजली जात नव्हती.

चारही चाकांना शक्ती देणारी मोटार पूर्वी शेत, खाण आणि लष्कर ह्यांच्या कामाची समजली जाई. १९७७ च्या सुमारास फिनलंडमधील हिवाळी चाचण्यांत ऑडी कंपनीच्या अभियंत्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बरोबर आणलेली ‘इल्टिस’ ही ७५ अश्वशक्तीची उंच लष्करी गाडी बर्फावर त्यांच्या अधिक शक्तीच्या मोटारींना मागे टाकीत होती. त्यातून १९८० साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात ‘ऑडी क्वात्रो’ अवतरली. गियरपेटीतील एक दांडा पोकळ करून त्याच्या पोटातूनच पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा दांडा नेण्याची तिची युक्ती अभियंत्यांनी आजही पाहण्यासारखी आहे. १९८१ मध्ये मिशेल मूतों ह्यांनी क्वात्रोतून सॅनरेमोची शर्यत जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतील शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे लान्चिया कंपनीच्या ‘डेल्टा’ ह्या चार चाकांनी चालणाऱ्या हॅचबॅकने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे विजेतेपद मिळविले, आणि हॅचबॅकला चार चाकांची ओढ शोभते, हे लोकांच्या मनावर ठसले.

गोल्फ आरची रचना मात्र क्वात्रोहून भिन्न आहे. तिच्यात मागच्या आसाजवळ तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच असतो. चाकांच्या गतीवर लक्ष ठेवणारा संगणक ह्या चकत्यांवर कमीअधिक दाब आणतो, आणि त्या प्रमाणात मागची चाके कामाला लागतात. हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना दाब जवळजवळ नसतो. गाडी त्या वेळी बहुतांशी पुढच्याच चाकांनी चालते. म्हणजे ज्याने चार चाकांसाठी अधिक पैसे मोजले, तोही दिवसाचा बराच काळ दोन चाकांनीच प्रवास करतो! ह्यात फसवणूक नाही. नको तेव्हा काम न करणे हेच शहाण्या यंत्राचे लक्षण. आठव्या पिढीत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र क्लच आला. त्यामुळे वळणात बाहेरच्या मागील चाकाला अधिक बळ देऊन गाडीचे नाक आत वळविता येते. हा लाभ खरा आहे, पण चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर असेतोपर्यंतच. पाय तेथून उचलून ब्रेकवर ठेवला की तो संपला.

ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. एंजिन दोन चाके फिरवो की चार, रोधासाठी पकड तितकीच मिळते. वळणाचेही तसेच. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ओल्या रस्त्यात कोणतीही गाडी ताशी सुमारे ८० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाऊ शकत नाही. त्या सूत्रात गाडीचे वजनही येत नाही, मग चालक चाकांची संख्या कोठून येणार? ताशी ९० चा वेग ठेवायचा तर घर्षणगुणक ०.६४ हवा, आणि रस्त्याजवळ देण्यास आहे ०.५. चार चाकांची गाडी अगोदरच्या वळणातून जोमाने बाहेर पडते, मधल्या सरळ टप्प्यात अधिक वेग घेते, आणि पुढच्या वळणाशी ८० ऐवजी ९० ने येऊन पोचते. तिच्या अपघाताची बीजे तिच्या गुणातच अशी दडलेली असतात.

आल्प्स पर्वतातील हिवाळ्याचा एक चढ कल्पनेसमोर आणा. रस्ता दबलेल्या बर्फाचा आहे आणि सहा मीटरांस एक मीटर चढतो. आपल्या हिशेबातील पुढच्या चाकांची गाडी जास्तीत जास्त नऊ मीटरांस एक मीटर इतकाच चढ चढू शकेल. ह्या चढाशी येताच तिची चाके जागीच फिरू लागतात, आणि चालक निमूटपणे माघारी वळतो. चार चाकांची गाडी पाच मीटरांस एक मीटर असा चढही चढू शकते. ती सहज वर जाते. वर गावात काम उरकून संध्याकाळी चालक त्याच रस्त्याने खाली निघतो. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर. पुढे वळणावर कोणाची तरी मोटार आडवी उभी आहे. तो ब्रेक दाबतो. टायरची पकड वजनाच्या सुमारे १९.७ टक्के, त्यातील १६.४ टक्के उतारच खाऊन टाकतो. थांबण्यासाठी उरतात ३.३ टक्के. गाडी थांबायला सुमारे १५५ मीटर लागतील. सपाट बर्फावर २६ मीटर लागले असते, कोरड्या सपाट रस्त्यावर सहाच. ज्या गाडीला चढता आले नाही, तिच्या चालकावर हा प्रसंगच आला नाही.

पुढच्या चाकांच्या गाडीचा एक गुण येथे दिसतो, आणि विक्रेते तो कधी सांगत नाहीत. तिची चाके लवकर घसरतात, हाती धरलेले स्टिअरिंग हलके पडते, आणि रस्ता निसरडा झाल्याची वार्ता वेग कमी असतानाच चालकाला कळते. चार चाकांच्या गाडीत हीच वार्ता पुष्कळदा ब्रेक दाबल्यावर मिळते. आता वार्ता मिळूनही दुर्लक्ष करणारे चालक असतात, ती गोष्ट वेगळी.

ह्याचा अर्थ चार चाकांची ओढ निरुपयोगी आहे असा नव्हे. डोंगराळ गावी राहणाऱ्यास, बर्फातून दररोज घराबाहेर पडावे लागणाऱ्यास ती मोठाच आधार आहे. तीनशेहून अधिक अश्वशक्तीची सारी शक्ती ओल्या रस्त्यावर लावायची असेल तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. फोर्ड कंपनीने २००९ ची ३०५ अश्वशक्तीची ‘फोकस आरएस’ पुढच्या दोन चाकांवरच ठेवली होती, आणि त्यासाठी पुढच्या चाकांची बैठक मुद्दाम वेगळ्या घाटाची केली होती. ३५० अश्वशक्तीची पुढची पिढी आली तेव्हा तिला चार चाके द्यावी लागली. परंतु नित्याच्या रस्त्यावर एवढे बळ कितीदा लागते? ओल्या रस्त्यावर समोरचे वाहन ओलांडताना ताशी ६० वरून १०० वर जायला साडेचार सेकंद घेतले, तर वजनाच्या सुमारे २५ टक्के ओढ पुरते, आणि पुढच्या चाकांची मर्यादा २७ आहे. अगदी काठावर, पण पुरते. रहदारीतील नेहमीचा वेग घेण्यास तर ह्याच्या निम्मेही लागत नाही.

माझ्या मते साध्या रस्त्यावर वावरणाऱ्याने अगोदर टायर पाहावेत. युरोपीय संघात मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे; नव्या टायरची सुमारे ८ मिलिमीटर असते. ह्या खोबणींतून पाणी बाहेर फेकले जाते. त्या झिजल्या की वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, आणि मग चारही चाके सारखीच निराधार होतात. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जाते, म्हणून थंड देशांत हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर वापरतात. रस्ता तसा असेल तेव्हा ते वापरलेच पाहिजेत, असे बंधन जर्मनीने २०१० साली घातले. हिवाळी टायर घातलेली पुढच्या चाकांची गाडी बर्फावर उन्हाळी टायरांच्या चार चाकांच्या गाडीपेक्षा लवकर थांबते. आपल्या देशात जीटीआय २०२५ मध्ये अधिकृतपणे विक्रीस आली. येथे तिची गाठ बर्फापेक्षा पावसाळ्याच्या पहिल्या सरीशी अधिक पडेल. धूळ व तेल ह्यांचा महिनोन्‌महिने साचलेला थर त्या सरीत भिजला की डांबरी रस्ता काही काळ साबणासारखा होतो, आणि तेव्हा घसरण होते ती बहुतेक थांबताना किंवा वळताना.

१९६६ साली इंग्लंडातील जेन्सन कंपनीने ‘एफएफ’ नावाची मोटार काढली होती. तिची मागची मोठी काच दारासारखी वर उघडत असे. वेगवान रस्त्याच्या मोटारीला चारही चाकांची ओढ देण्याचा हा आरंभीचा प्रयत्न. तिच्या रचनाकारांनी दुसरी एक वस्तू आवर्जून घातली होती. विमानांसाठी तयार झालेले, ब्रेक दाबताना चाक जखडून घसरू न देणारे ‘मॅक्सरेट’ नावाचे उपकरण. मोटार फार महाग होती. अवघ्या ३२० तयार झाल्या. मॅक्सरेटच्या जातीचे ब्रेक पुढे स्वस्त व अचूक होत गेले, आणि भारतात २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते बंधनकारक झाले. चार चाकांची ओढ अजूनही अधिक पैसे देणाऱ्यालाच मिळते.